जास्तीचा बोर्ड

१

आमचं मंडळ म्हणजे तीन म्हातारी पोरं. हे माझं नाही, बायकोचं म्हणणं आहे. एक मास्तर, शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक. दुसरा घड्याळवाला, ज्याच्या दुकानात एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नाही. आणि तिसरा मी. मी कवळ्या करतो. अर्धं गाव माझ्या दातांनी जेवतं, पण मला नावानं हाक मारायची कुणाला गरज वाटत नाही. मी कवळीवाला.

रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो आणि रेल्वे चालवतो. छोटी. किती छोटी, तर तिच्यातला माणूस बोटाच्या पेराएवढा. ज्यानं त्यानं आपापल्या घरी बोर्ड करायचे: फळीवर रूळ, रुळांच्या कडेनं घरं, झाडं, खांब, माणसं. बोर्डांच्या टोकांची मापं ठरलेली असतात, त्यामुळे कुणाचाही बोर्ड कुणाच्याही बोर्डाला जोडता येतो. सगळे आणायचे, बोल्टनं आवळायचे, खोलीभर गोल करायचा आणि गाडी सोडायची.

नियम एकच. ज्याचा बोर्ड, त्याचा हात. दुसऱ्याच्या बोर्डावर झाड आडवं पडलेलं दिसलं तरी विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. मास्तरांनी एकदा माझा वाकडा सिग्नल सरळ केला, तर मी सबंध उन्हाळा त्यांच्याशी बोललो नव्हतो. आता तुम्ही म्हणाल, काय हे खेळण्यावरून भांडण! तुमच्या तोंडात कुणी न विचारता हात घातला तर चालेल का? तसंच ते.

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. म्हणून त्या रविवारी आम्ही सगळे बोर्ड जोडून ठेवायचं ठरवलं, आणि गोल काही मिटेना. शेवटचा बोर्ड जाऊन दारालाच आपटला.

"कोणी तरी लांबीत चूक केली आहे," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्याकडे काय बघता? मी दात बसवतो मास्तर, अर्धा मिलिमीटर चुकला तर माणूस शिव्या घालतो."

घड्याळवाला खाली बसून टेबलांखालून सरकत सरकत गेला. बराच वेळ त्याचे नुसते पायच दिसत होते. मग तो बाहेर आला आणि गुडघे झटकत म्हणाला, "चूक नाही रे. एक बोर्ड जास्त आहे."

२

तो बोर्ड मास्तरांच्या मालधक्क्याच्या आणि घड्याळवाल्याच्या पुलाच्या मधोमध होता. रूळ तंतोतंत जुळले होते. बोल्ट आवळलेले होते. मी नव्हते आवळले. ते दोघंही म्हणाले, आम्ही नाही.

बोर्डावर एक गल्ली होती. गल्लीच्या टोकाला फाटक, फाटकाच्या आत बैठं घर, समोर पडवी, बाजूला स्वयंपाकघराची खिडकी. खिडकीत एक बाई उभी. खांद्यावर पंचा, केसांचा घट्ट अंबाडा.

"घर झकास केलंयस," घड्याळवाला म्हणाला. "वहिनींचा अंबाडासुद्धा! कळवायचं तरी, इतकं मोठं काम करतोयस ते."

घर माझंच होतं. पडवीची फुटलेली फरशी होती, पत्र्यावर मी दोन वर्षांपूर्वी मारलेलं ठिगळ होतं. पण केलेलं मी नव्हतं.

"उगाच नाटकं करू नका," मास्तर म्हणाले. "फाटकाचे खांब बघा."

आता हे सांगायला हवं, की प्रत्येकाची कामाची एक खूण असते. मास्तर डब्यांवर असा गंज चढवतात, की हात लावला तर तांबडा होईल असं वाटावं. घड्याळवाल्याच्या स्टेशनावरची घड्याळं चालतात. आणि मी मैलाचे दगड, खांब, कुंपणाचे खुंट उरलेल्या दातांचे करतो. कवळीच्या दातांचे. दुसरं कोण करणार तसलं काही? त्या फाटकाचे दोन्ही खांब दातांचे होते.

मी भिंग लावून वाकून पाहिलं. माझ्याकडचे दात कारखान्यातून येतात, कोरे करकरीत. हे झिजलेले होते. एकाला कीड होती.

त्या फाटकाशी एक माणूस उभा होता. बाकी सगळा बोर्ड रंगवून, धूळ मारून पुरा केलेला, आणि हा एकटा प्रायमरमध्ये. प्रायमर म्हणजे रंगाआधीचं राखाडी अस्तर. कपडे नाहीत, डोळे नाहीत, नुसता राखाडी. त्याचं तोंड घराकडे होतं.

"एवढं केलंत आणि माणूस रंगवायचा ठेवलात?" मास्तर म्हणाले. "मला नाही बघवत असलं अर्धवट काम."

"माझा नाही म्हटलं ना!"

"दात कुणाचे मग? माझे?" मास्तरांनी तोंडातली कवळी वाजवली. ती मीच केलेली आहे.

असा तो बोर्ड माझ्या नावावर चढला.

३

घरी बायकोनं कपाटावरची सुटकेस खाली काढली होती. रिकामी होती, पण पुसलेली होती.

"तुमचं प्रदर्शन होऊ द्या," ती म्हणाली, "मग मी ताईकडे जाते. कायमची म्हणत नाही. पण लवकर येईन असंही म्हणत नाही."

"झालं काय एवढं?"

"काही झालं नाही, हेच झालं. आठवडाभर कवळ्या आणि उरलेला वेळ आगगाडी. घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान आवाज तरी करतो."

मी फटकन बोलणारा माणूस. म्हणालो, "जा की मग, अडवलंय कुणी!" खरं सांगतो, त्या बाईशिवाय मला माझा चष्मा सापडत नाही. ती गेली तर मी त्या घरात आठवडाभरात वेडा होईन, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि जीभ उचलून टाळ्याला लावणं वेगळं.

ती खिडकीपाशी गेली, बाहेर बघत म्हणाली, "आणि तो कोण माणूस आहे हो? दुपारपासून फाटकाशी उभा आहे म्हणून मी कडी घातली."

"कुठला माणूस?"

"गेला वाटतं. मळकट होता. धुळीनं माखल्यासारखा."

मी बाहेर जाऊन पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. बांधकामावरचा मजूर असेल, सिमेंटनं माखलेला असेल, असं मी तिला सांगितलं. जवळपास कुठंही बांधकाम चालू नव्हतं.

४

पुढच्या रविवारी तो राखाडी माणूस पडवीत होता.

मी मास्तरांना धरलं. "कुणी हलवला?"

"आम्ही? तुमच्या बोर्डाला हात लावायला आम्हाला काय सबंध उन्हाळा मौन पाळायचं आहे?"

ते खरं होतं. ही दोघं माझ्या जिवावर उठली तरी माझ्या बोर्डावर उठणार नाहीत. मी चिमटा घेतला आणि तो माणूस उचलायला गेलो. हलेना. पायाखाली गोंद होता, ओला दिसत होता आणि दगडासारखा बसला होता. अशा वेळी पातं वापरायचं असतं. पायाच्या तळव्याखाली आडवं सरकवायचं, मनगटाला एक हिसका द्यायचा, टक्कन माणूस सुटतो. कधी घोट्यापासून खालचं तिथंच राहतं. पण पडवी अरुंद, वर पत्रा, पातं काही शिरेना.

मग मला जे सुचलं, ते या छंदातल्या माणसालाच सुचलं असतं. मी विचार केला, हा परका आहे म्हणून भीती आहे. रंग दिलेला नाही म्हणून परका आहे. मग याला मी केलं तर? माझ्या घराच्या पडवीत मी उभा असलो, तर कुणाचं काय बिघडलं?

मला चौकडीचे शर्ट आवडतात. हिनं आणलेला हिरव्या-तपकिरी चौकडीचा एक आहे, मी तोच घालत असतो. पेराएवढ्या माणसाच्या अंगावर चौकडी काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. श्वास रोखून धरायचा, दोन ठोक्यांच्या मधे रेघ ओढायची. मी शर्ट काढला, पँट काढली, चष्मा काढला, माझं टक्कलही काढलं. समोरून आणि बाजूनं सगळं झालं. त्याची पाठ भिंतीला होती, म्हणून मानेमागं ब्रश पोचला नाही. तेवढं राखाडी राहिलं.

"वा!" मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "हुबेहूब. आत्ता बोलेल असं वाटतंय."

घड्याळवाला मात्र माझ्या बोर्डापासून जरा लांब जाऊन उभा राहिला.

तिथून मी थेट माझ्या कामाच्या खोलीवर गेलो. एका म्हातारीची कवळी द्यायची राहिली होती. संध्याकाळपर्यंत तिथंच होतो.

५

घरी आलो तर सुटकेस कपाटावर परत गेलेली. बायको गुणगुणत होती. मला वाटलं, घर चुकलो.

"आज दुपारी लवकर आलात, ते बरं केलंत," ती म्हणाली.

मी चपला काढता काढता थांबलो.

"बोलला नाहीत, पण भांडलाही नाहीत. पडवीत उभेच होतात मेले, मीच कडी काढून आत घेतलं. इतके कसे हो गार पडला होतात? हात धरला तर दचकलेच मी. आणि सगळ्या अंगाला त्या थिनरचा वास. आंघोळ करा आधी."

तिथंच सांगायला हवं होतं, की अगं, तो मी नव्हतो. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण माझी नजर कपाटावर गेली. सुटकेस जागच्या जागी होती. ती जाणार नव्हती. आणि मी चहा प्यायला बसलो.

मनाची समजूत काढायला माणसाला काही लागत नाही. हिला दुपारी डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. किंवा मीच येऊन गेलो असेन आणि विसरलो असेन. वय झालं आता. रात्री झोपताना मात्र मी तिच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर हिरवट-तपकिरी डाग होता. तिनं घासला असणार, कारण आजूबाजूची कातडी लाल झाली होती. डाग निघाला नव्हता.

नंतरचे दिवस घर शांत होत गेलं. आधी तिचं गुणगुणणं थांबलं. मग टोमणे थांबले, आणि तेव्हा मी खरा घाबरलो. लग्न झाल्यापासून त्या बाईनं मला टोमण्याविना चहा दिला नव्हता. मी यायचो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायची, खांद्यावर पंचा टाकून. गॅस बंद. कढई कोरडी.

"अगं, उभी का अशी?"

"तुम्हीच सांगितलंत ना," ती बाहेर बघतच म्हणाली. "इथं उभी राहा म्हणून. हलू नको म्हणून."

"मी? कधी?"

"काल दुपारी." मग, अगदी हळू आवाजात, "पाय फार जड झालेत हो."

६

मी तसाच निघालो. घड्याळवाल्याला दुकानातून उठवला, खोलीची चावी त्याच्याकडे असते. भर दुपार होती. खाली टायरवाला हवा भरत होता, कुणाशी तरी हुज्जत घालत होता, सगळं जगात असतं तसं होतं.

वर बोर्डावर पडवी रिकामी होती.

मी भिंग लावून खिडकीतून आत पाहिलं. चौकडीचा शर्ट स्वयंपाकघरात होता, हिच्या मागं. त्याचा हात हिच्या खांद्यावर होता. मी त्याला हात खाली सोडलेलाच पाहिला होता, रंगवलाही तसाच होता. दोघांच्या पायाखाली गोंदाचा एकच थेंब पसरला होता, चकाकत होता.

"पातं घे," घड्याळवाला म्हणाला. "हिसका दे आणि काढ त्याला."

मी पातं उचललं. खिडकीतून आत शिरत होतं, बरोब्बर जात होतं. पण थेंब एकच होता. त्याच्या पायाखालून गेलेलं पातं हिच्या पायाखालून गेल्याशिवाय बाहेर आलं नसतं. टक्कन येणारा तो आवाज मला आठवला. घोट्यापासून खाली राहणारे ते तुकडे आठवले. मी पातं खाली ठेवलं.

"मी घरी जातो. हिला उचलून ताईकडे नेतो. पायी, गाडीनं, खांद्यावर, कशीही. तू इथंच थांब. बोर्डावरून नजर हलवू नकोस. काही हललं तर घरी फोन कर."

मी मोबाइल वापरत नाही. गळ्यात घंटा बांधून फिरायला मी काय बैल आहे? हा माझा नेहमीचा विनोद. घरी फोन आहे, स्वयंपाकघरात, खिडकीजवळ.

"आणि हात लावू नकोस कशाला," मी दारातून ओरडलो. "मला विचारल्याशिवाय लावू नकोस."

"ज्याचा बोर्ड त्याचा हात," तो म्हणाला. सवयीनं.

७

मी या वयात इतका धावलो नव्हतो. गल्लीच्या टोकाला आलो तेव्हा ती खिडकीत दिसली. खांद्यावर पंचा, घट्ट अंबाडा. मी हात हलवला. ती माझ्याकडेच बघत होती, तिनं हात हलवला नाही.

फाटकाशी पोचलो आणि दम खायला खांबाला टेकलो. आमचे खांब सिमेंटचे आहेत, खरखरीत. हा गुळगुळीत लागला. गार. बोटाला एक खड्डा लागला, आत काळपट मऊ काही तरी होतं. मी हात मागं घेतला आणि आत जायला पाऊल उचललं.

उचललं नाही. उचलायला गेलो. उजवं नाही, डावंही नाही. चपलेतून पाय काढून पाहिला, तोही निघेना. चप्पल आणि पाय असं काही वेगळं राहिलंच नव्हतं.

"अगं!" मी हाक मारली. "अगं, मी आलोय! बाहेर ये! जशी असशील तशी बाहेर ये!"

तिच्या कपाळावर आठी पडली. मान किंचित वळवून ती आत कुणाला तरी म्हणाली, "अहो, तो माणूस परत आलाय बघा. फाटकाशी उभा आहे."

मी स्वतःकडे पाहिलं. बाहीवर चौकडी नव्हती. बाहीच नव्हती, नुसता हात होता, खांद्यापासून नखांपर्यंत एकाच रंगाचा. मी तोंडाला हात लावायचा विचार केला आणि लावला नाही.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

दोनदा वाजला, तीनदा वाजला. मी मनातल्या मनात घड्याळवाल्याला म्हणत होतो, ठेव, ठेव खाली, अरे मूर्खा, मी अजून बाहेरच आहे. हिच्या मागून चौकडीचा शर्ट पुढं आला आणि पाठमोरा होऊन त्यानं फोन उचलला. कॉलरच्या वर, मानेमागं, बोटभर जागा राखाडी होती.

"हॅलो," तो म्हणाला. आवाज माझा होता. चिडका, घसा न खाकरता बोलल्यासारखा. "हो, आत्ताच पोचलो... ही बरी आहे. इथंच उभी आहे माझ्याजवळ... काय? फाटकाशी?"

तो थांबला. पलीकडून घड्याळवाला भराभरा काही सांगत असणार.

"राखाडी? छे रे! मी नाही ठेवला. माझा नाही तो."

"घड्याळवाल्या!" मी ओरडलो. माझा मलाच आवाज आला नाही. खिडकीत बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या ओळखीचं कुणीच समोर नव्हतं.

"हो, हो, परवानगी आहे म्हटलं ना," तो वैतागून म्हणाला, अगदी मी म्हणतो तसं. "अर्धवट काम कशाला ठेवायचं बोर्डावर? चिमट्यानं नाही निघणार. पातं घे. पायाखालून आडवं घाल आणि हिसका दे."

त्यानं फोन ठेवला. बायकोनं पंचा सारखा केला आणि विचारलं, "चहा टाकू का हो?"

माझ्या तळपायाखाली, टाचेकडून, काही तरी गार आणि पातळ आत सरकलं.